घरच्या फोटो-रेकॉर्डिंगसाठी नॅस घ्यायचाय: तयार डबा घेऊ की स्वतः जोडू? (पुणे)

रानजाई
शनिवार, रात्री १०.४२

नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीत आमची २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क चालू असतानाच टीव्हीच्या स्टँडवरून खाली पडली. आता लावली की टक् टक् टक् आवाज येतो आणि लॅपटॉपला दिसतच नाही. तिच्यात लेकीच्या बारशापासून पहिलीपर्यंतचे कॅमेऱ्यातले फोटो होते आणि बाबांच्या कॅसेटी होत्या. बाबा पेटीची साथ करायचे, ८०-९० च्या दशकातली वाड्यातली भजनं, कऱ्हाडचे सांगलीचे कार्यक्रम, असं कुणीकुणी रेकॉर्ड करून दिलेलं, सव्वाशेएक कॅसेटी आहेत, त्यातल्या ४० मी गेल्या उन्हाळ्यात बसून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. कॅसेटी अजून आहेत पण काहींना बुरशी आलीय, आणि एक तर घेतानाच तुटली. फोनमधले फोटो गूगलवर होते म्हणून वाचले.

आता एकदाच काय ते नीट करायचंय, म्हणजे नॅस घ्यायचाय, घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाईली एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा. घरात आम्ही चौघं, तीन फोन, एक विंडोज लॅपटॉप, एक मॅक. पडलेल्या डिस्कवरचं धरून सगळं मिळून अंदाजे २.८ टीबी भरतं. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नेट फायबरचं १०० एमबीपीएस. बजेट डिस्कसकट ५० हजारांपर्यंत ताणता येईल. मिस्टर म्हणतात तयार नॅस घे, मावसभाऊ म्हणतो त्याच्याकडे २०१३ चा आय-फाइव्ह पीसी पडलाय त्यात डिस्क टाक आणि फुकटचं सॉफ्टवेअर चढव. मी शाळेत शिकवते, कमांड लिहून दिल्या तर टाईप करीन पण दर आठवड्याला त्यात डोकं घालायला वेळ नाही. काय करू?

तारयंत्र
शनिवार, रात्री ११.०५

ताई, नॅसचं नंतर बघू, आधी ती पडलेली डिस्क परत परत लावून बघणं आत्ताच्या आत्ता बंद करा. टक् टक् आवाज म्हणजे आतलं वाचणारं डोकं जागेवर बसत नाहीये, प्रत्येक वेळी वीज दिली की ते तबकडीवर घासायची शक्यता, आणि जिथे घासलं तिथलं कायमचं गेलं. फ्रीजमध्ये ठेवा, हलवून बघा असले उपाय करू नका, झाकण उघडू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची तर ज्याच्याकडे धूळमुक्त खोली आहे त्यालाच द्या, आणि "तुमच्याआधी कुणी उघडली होती का" हा प्रश्न तो स्वतःहून विचारतो का बघा. जो विचारतो तो कामाचा.

सदाशिवपेठी
रविवार, सकाळी ८.१५

तुम्ही जे लिहिलंय (दर आठवड्याला डोकं घालायला वेळ नाही) त्यावरून मी सरळ सांगतो, दोन डिस्कवाला तयार नॅस घ्या. माझ्याकडे सिनॉलॉजी कंपनीचा आहे, चार वर्षं चालू आहे, फोनचे फोटो आपोआप जातात, आईचा फोनसुद्धा लावलाय आणि तिला त्यातलं काहीही करावं लागत नाही.

फक्त मॉडेल बघून घ्या. डीएस२२३जे स्वस्त आहे पण त्यात रॅम १ जीबी, वाढवता येत नाही, आणि बीटीआरएफएस (डिस्कवर फाईली मांडायची एक पद्धत) चालत नाही. बीटीआरएफएस नाही म्हणजे स्नॅपशॉट नाहीत, म्हणजे चुकून फोल्डर पुसलं किंवा व्हायरसने फाईली बिघडवल्या तर "काल दुपारी जसं होतं तसं दाखव" हे करता येणार नाही. लेकीच्या फोटोंसाठी घेताय तर ही सोय पाहिजेच. डीएस२२४ प्लस किंवा त्यानंतरचा २२५ प्लस बघा, दोन्हीत इंटेलचा जे४१२५ आहे, रॅम २ जीबी येते आणि एक मोकळा स्लॉट असतो त्यात ४ टाकून ६ होते.

सोल्डरगन
रविवार, सकाळी ९.३०

माझं मत वेगळं. तयार डबा घेतला की तुम्ही त्या कंपनीच्या हातात गेलात. याच सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांना स्वतःच्या किंवा स्वतः पास केलेल्याच डिस्क लागतील असा नियम केला होता, दुसऱ्या कंपनीची डिस्क टाकली तर नवीन व्हॉल्यूमच (फाईली ठेवायचा कप्पा) बनवू द्यायचे नाहीत. जगभर लोक चिडले मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम (त्यांच्या नॅसचं सॉफ्टवेअर) ७.३ आणून तो नियम सैल केला. सैल केला हे चांगलंच, पण एकदा करून बघितलं ना.

मी इंटेल एन१०० चा छोटा बोर्ड घेऊन स्वतः जोडलाय, प्रोसेसरचा टीडीपी (तो किती तापतो त्याचा आकडा) फक्त ६ वॅट, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकटचं नॅस सॉफ्टवेअर, खाली डेबियन लिनक्स. जुन्या केबिनेटमध्ये पाच डिस्क बसतात. फोटोंना इमिच, गाण्यांना जेलीफिन, सगळं डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या वेगळ्या कप्प्यात. काही बिघडलं तर फक्त तेवढा पार्ट बदलायचा, डब्यात कुणाचाही खास अडॅप्टर नाही की खास पंखा नाही. ट्रूनॅस पण बघितला होता पण त्याला निदान ८ जीबी रॅम लागते आणि बूटला वेगळी डिस्क, त्याची झेडएफएस ही फाईल सिस्टिम उत्तमच आहे यात वाद नाही.

सदाशिवपेठी
रविवार, सकाळी ९.५२

सोल्डरगन, कंपनीच्या हातात जायचं म्हणता ते डिस्कच्या नियमापुरतं मान्य. पण डबा जळला तर डेटा अडकत नाही हो. आत डिस्क एकत्र जोडायची लिनक्सचीच साधी पद्धत, एमडी-रेड आणि एलव्हीएम, असते, डिस्क काढून लिनक्सच्या पीसीला लावल्या की वाचता येतात, कंपनीनेच उबुंटूवर कसं करायचं ते लिहून ठेवलंय. आणि ताईंना पार्ट बदलायचे नाहीयेत, त्यांना कॅसेटी सांभाळायच्यात.

बिबवेवाडीकर
रविवार, सकाळी १०.१०

तो २०१३ चा पीसी २४ तास चालू ठेवायच्या आधी विजेचा हिशोब करा. जुना डेस्कटॉप काही न करता ६० वॅट धरला तर ६० गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. दोन डिस्कचा नॅस २० वॅटच्या आसपास, साडेचौदा युनिट. फरक २८-२९ युनिटचा, आणि महावितरणचा स्लॅब १०० नंतर आणि ३०० नंतर बदलतो, तुमचं बिल त्या काठावर असेल तर हेच युनिट वरच्या दराने लागतात. फुकटचा पीसी फुकट पडत नाही.

वायरमन_धायरी
रविवार, दुपारी १.२५

गुरुवारचं बोला आधी. आमच्या भागात गुरुवारी देखभालीला लाईट जाते, तुमच्याकडे पण जात असणारच. आणि मेमधले वळवाचे पाऊस, दिवसातून चारदा जाते येते. नॅस लिहीत असताना लाईट गेली की फाईल सिस्टिमचे हाल होतात, दोन डिस्कपैकी एकीवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर नाही असंही होतं, मग ताळा जुळवायला तासनतास लागतात.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बदलाबदलीच्या त्या क्षणात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. दुसरं म्हणजे बॅटरी संपत आली हे तो नॅसला सांगू शकत नाही. यूएसबी पोर्टवाला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या, त्याची वायर नॅसच्या मागे लावा, की लाईट गेल्यावर ठरवलेल्या मिनिटांनी नॅस स्वतःच नीट बंद होतो. स्वतः जोडलेल्या पीसीवर हेच काम नट नावाच्या सॉफ्टवेअरने होतं. घेताना मॉडेल यादीत आहे का ते नॅस कंपनीच्या साईटवर बघा, काही यूपीएसला यूएसबी पोर्ट दिसतो पण तो फक्त फोन चार्ज करायला असतो, माझ्या एका गिऱ्हाइकाने तसाच आणला होता. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते ते पण धरा. आणि राउटरही त्याच यूपीएसवर टाका.

रानजाई
रविवार, दुपारी ४.०३

एवढी माहिती! मनापासून आभार. डिस्क बंद करून कपाटात ठेवली, तारयंत्र दादा. जुन्या पीसीचं रद्द. एक विचारते, दोन डिस्क मिरर केल्या की बॅकअपचं काम झालं ना? म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे.

पिंपळपान
रविवार, संध्याकाळी ६.२०

नाही ताई, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण मी स्वतः याच समजुतीवर तीन वर्षं राहिलो. मिरर म्हणजे आरसा, तुम्ही एकीकडे पुसलं की त्याच क्षणी दुसरीकडेही पुसलं जातं. आमच्याकडे भाच्याने "मोकळी जागा करतो" म्हणून फोल्डर उडवलं, दोन्ही डिस्क एकदम धडधाकट आणि फोल्डर दोन्हीकडून गायब. मिररचा उपयोग इतकाच की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. चोरी, आग, पाणी, शॉर्ट सर्किट, व्हायरस, घरच्यांची चूक, यातल्या कशालाही मिरर पुरत नाही.

बाहेरून घुसणाऱ्यांचं पण बघा. २०२१ च्या जूनमध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह या नेटला जोडलेल्या डिस्क जगभरात लोकांच्या घरी बसल्या जागी पुसल्या गेल्या, कंपनीने २०१५ नंतर त्यांना अपडेटच दिलेले नव्हते. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस कुलूपबंद केले आणि बिटकॉइन मागितले. यातले बहुतेक थेट इंटरनेटवर उघडे होते. म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी राउटरमधून पोर्ट फॉरवर्ड करून नॅस बाहेर उघडायचा नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, एकच आयपी खूप घरांत वाटलेला असतो, त्यामुळे फॉरवर्ड केलं तरी चालत नाही. बाहेरून बघायचं तर टेलस्केल (फक्त तुमच्याच उपकरणांमधली खाजगी वाट) टाका, नॅसवर एक आणि फोनवर एक, राउटरला हातसुद्धा लावावा लागत नाही.

बॅकअपचा साधा नियम, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

रानजाई
रविवार, रात्री ९.४०

२.८ टीबीच्या तीन प्रती म्हणजे बजेट संपलंच माझं.

तारयंत्र
रविवार, रात्री १०.१५

थांबा, इथेच खरी गोष्ट आहे. मॉडेल कुठलं हा प्रश्न आपण सगळे सकाळपासून चघळतोय पण तुमच्याकडे काय आहे हे कुणी विचारलंच नाही, मी पण नाही. एक काम करा, वही घ्या आणि दोन याद्या करा. एकीत गेलं तर जगात कुठेच परत मिळणार नाही असं, दुसरीत गेलं तर हळहळ वाटेल पण परत मिळेल असं.

अंदाज देतो. कॅसेट साध्या सीडीच्या दर्जाने घेतली, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, तर मिनिटाला १० एमबी, ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. सव्वाशे कॅसेटी ७५ जीबी. फ्लॅकमध्ये ठेवल्या तर साधारण त्याच्या निम्म्या, आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. बाबांचं अख्खं आयुष्यभराचं वाजवणं एका पेनड्राइव्हमध्ये मावतं. एमपीथ्री करून ठेवू नका, जागा वाचवायची गरजच नाहीये. लग्नाबिग्नाच्या मिनी-डीव्ही टेपा असतील तर त्या जड, तासाला १३ जीबी.

रानजाई
सोमवार, रात्री ११.२०

केल्या याद्या. मिस्टर आणि मी दोघं बसलो. फोटो ५४० जीबी, फोनचे व्हिडिओ २१०, मिनी-डीव्हीच्या ९ टेपा म्हणजे ११७, घराची-जमिनीची कागदपत्रं स्कॅन केलेली ६, कॅसेटी सगळ्या होतील तेव्हा ७५. साडेनऊशे जीबीच्या आत सगळं! बाकी १.८ टीबी म्हणजे सिनेमे, मालिका, आणि तीन जुन्या लॅपटॉपचे बॅकअप ज्यात तेच फोटो परत परत आहेत. मला वाटत होतं डोंगर आहे.

सोल्डरगन
सोमवार, रात्री ११.४५

मग ४ टीबीच्या दोन डिस्क मिररला भरपूर झाल्या, आणि घराबाहेरच्या प्रतीला २ टीबीची पोर्टेबल पुरेल. माझा एन१०० चा आग्रह मी मागे घेतो, या कामाला सदाशिवपेठींचा डबाच बरा. गूगलवरून फोटो काढताना एक लक्षात ठेवा, टेकआउटमधून (गूगलवरचं सगळं उतरवून घ्यायची सोय) जे येतं त्यात तारीख-ठिकाण बऱ्याचदा वेगळ्या जेसन फाईलीत असतं, फोटो नुसते कॉपी केले तर कितीतरी फोटो उतरवल्याच्या दिवसाचे दिसतात. ती माहिती परत फोटोत घालणारी फुकट टूल्स आहेत, मी करून देईन, नळस्टॉपला कधीही भेटा.

मुठाकाठ
मंगळवार, सकाळी ७.५०

डिस्क कुठली यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, २० वर्षं हाच धंदा केलाय. एसएमआर आणि सीएमआर हे दोन शब्द पाठ करा. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात, जागा जास्त मिळते पण मधलं काही बदलायचं तर शेजारचेही पट्टे परत लिहावे लागतात. सीएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढत नाहीत. रोजच्या साध्या वापरात कळत नाही, पण मिररमधली एक डिस्क बदलली आणि नवी भरायची वेळ आली की ती धापा टाकते, झेडएफएसमध्ये तर बाहेरच फेकली जाते. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेलंच नव्हतं. त्यानंतर रेड प्लस नाव आलं, ती सीएमआर. म्हणून नुसतं रेड नाही, रेड प्लस मागायचं, किंवा सीगेटची आयर्नवुल्फ. दोन्हींना तीन वर्षं वॉरंटी, प्रो घेतली तर पाच. दुकानदार डब्ल्यूडीची पर्पल देईल, ती सीसीटीव्हीच्या सतत लिहिण्याला बनवलेली आहे, वाईट नाही पण तुमच्या कामाची नाही.

दोन डिस्क एकाच दुकानातून एकाच लॉटच्या घेऊ नका, एकत्र जन्मलेल्या एकत्र जातात हे मी खूपदा पाहिलंय. शक्यतो एक रेड प्लस आणि एक आयर्नवुल्फ. सिरियल नंबर तिथेच उभं राहून कंपनीच्या साईटवर टाका, वॉरंटी भारतातली दाखवते का बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्कचे चालू तासांचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण झालं होतं. सीगेटमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे शून्य दिसले तरी फार्ममध्ये खरे तास सापडतात, स्मार्टमॉनटूल्सने वाचता येतो. आणि जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी डिस्क मांडलेल्या दिसतात, त्या या कामाला अजिबात नकोत.

घरी आणल्यावर डेटा टाकायच्या आधी दोन्हींवर स्मार्टची लांबवाली टेस्ट लावा, ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्य नसेल तर तशीच परत करा.

लिपिकार
मंगळवार, दुपारी ३.३०

ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये कऱ्हाड लिहिलंय म्हणून आलो. मराठीत फाईलींची नावं देणाऱ्यांना नडणारी गोष्ट आहे आणि इंग्रजी लेखांत ती सापडत नाही.

कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या यातला जो अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ असं अख्खं अक्षर. दोन, साधा र आणि त्याच्याखाली वेगळा नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळी नावं. मॅकची जुनी फाईल सिस्टिम एचएफएस प्लस हे अक्षर तोडून ठेवायची, बाकीच्या ठिकाणी ते अख्खं राहतं. त्यामुळे जुन्या मॅकच्या डिस्कवरून आरसिंकने (फाईली कॉपी करायची कमांड) नॅसवर माल ओतला की "कऱ्हाड" नावाची दोन फोल्डरं तयार होतात, अर्ध्या फाईली एकात, अर्ध्या दुसऱ्यात, आणि शोध घेतला तर एकच सापडतं. माझ्या आजोबांच्या पत्रांचे स्कॅन असेच चार महिने "हरवले" होते. फाइंडरमधून ओढून टाकलं तर सहसा निभतं. आरसिंक वापरायचं तर त्याला आयकॉन्व्हचा पर्याय आहे, मॅकच्या बाजूला यूटीएफ-८-मॅक आणि नॅसच्या बाजूला यूटीएफ-८ सांगायचं, मग तो वाटेत जुळवून घेतो.

दुसरं लांबीचं. नॅसवर फाईलच्या नावाला २५५ ची मर्यादा असते पण ती अक्षरांची नाही, बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह. "कऱ्हाडचा कार्यक्रम" दिसायला आठ अक्षरं, मोजली तर ५२ बाइट. सिनॉलॉजीत एखादं शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट केलं की ही मर्यादा १४३ वर येते, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. "आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस" एवढ्यानेच १०५ बाइट भरतात, अजून चार-पाच शब्द जोडले की मावत नाही, आणि कॉपी करताना मधल्याच काही फाईली नाकारल्या जातात, ते पटकन लक्षातही येत नाही. कागदपत्रं कुलपात ठेवायचीच असतील तर डीएसएम ७.२ पासून अख्खं व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतं, त्याला ही अडचण नाही, पण ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं, मागून नाही.

नावात तारीख आधी घाला आणि ती इंग्रजी आकड्यांत घाला, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मराठी आकडे दिसायला छान पण तेही ३-३ बाइट, आणि काही फाईली मराठी आकड्यांत काही इंग्रजीत झाल्या की क्रम लागत नाही. नंतर गाव आणि राग मराठीत बिनधास्त लिहा. मराठीत लिहूच नका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

रानजाई
मंगळवार, रात्री ९.१५

लिपिकार, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. मॅकवर "पुऱ्या करताना आई" नावाच्या फोल्डरचं मला हेच झालेलं, मला वाटलं मीच दोनदा बनवलं.

आज लॅबमध्ये डिस्क दिली. त्याने तारयंत्र दादांचा तोच प्रश्न विचारला, कुणी उघडली होती का. तीन आठवडे म्हणाले.

वायरमन_धायरी
मंगळवार, रात्री ९.४०

नॅस ठेवणार कुठे? माळ्यावर नको, एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली भट्टी होते. टीव्हीच्या युनिटमध्ये दार लावून पण नको. भिंतीपासून चार बोटं लांब, उघड्या फळीवर, आणि पडणार नाही असा. खाली रबराचे तुकडे लावा, लाकडी फळी डिस्कचा आवाज मोठा करते, बाबा हॉलमध्ये झोपत असतील तर रात्री घरघर ऐकू येईल. आणि राउटरपासून नॅसपर्यंतची वायर तपासा, नेटवाले कधीकधी आठपैकी चारच तारा क्रिंप करतात, त्यावर १०० एमबीपीएसच मिळतं. गिगाबिटला आठही लागतात. काही फुकट मिळालेल्या राउटरचे पोर्टच १०० चे असतात. २.८ टीबी भरायचे तर गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी धरून सात तास, आणि १०० च्या पोर्टवर तेच ७० तास. तसं असेल तर एक छोटा गिगाबिट स्विच मध्ये टाका, नॅस आणि लॅपटॉप दोन्ही त्यालाच.

चिंचवडची_लेक
बुधवार, सकाळी ११.००

मॅकचं टाइम मशीन (त्याचा आपोआप होणारा बॅकअप) नॅसवर लावणार असाल तर त्याला कोटा ठरवून द्या. आम्ही दिला नव्हता, त्याने सगळी जागा खाल्ली आणि फोनचे फोटो जायचे थांबले, महिनाभर कुणाला कळलंच नाही.

रानजाई
दीड महिन्यानंतर, रविवार, सकाळी १०.३०

राहिलेला हिशोब द्यायला आले. डीएस२२४ प्लस घेतला, एक रेड प्लस आणि एक आयर्नवुल्फ, ४-४ टीबी, दोन वेगळ्या दुकानांतून. आयर्नवुल्फच्या लांब टेस्टमध्ये पहिल्याच रात्री पेंडिंग सेक्टर ८ आले, दुकानदाराने कुरकुर केली पण बदलून दिली. मुठाकाठ काका, तुम्ही नसता सांगितलं तर तिच्यावरच फोटो टाकले असते. यूपीएस लावला, गेल्या गुरुवारी लाईट गेली तेव्हा दहा मिनिटांनी नॅस स्वतः बंद झाला, मी शाळेत होते, मिस्टरांनी फोन करून सांगितलं. रॅम मावसभावाने टाकून दिली, आता ६ जीबी. वायरमध्ये चारच तारा होत्या!! आठही जोडून घेतल्या.

स्नॅपशॉट रोज रात्री. आठवड्यातून एकदा पहिल्या यादीतलं सगळं पोर्टेबल डिस्कवर, अशा दोन पोर्टेबल आहेत, एक घरी आणि एक औंधला नणंदेकडे, महिन्यातून एकदा अदलाबदल. सिनेमांचा बॅकअप नाही, त्याचा निर्णय घेऊन टाकला. मागच्या रविवारी औंधची डिस्क आणून लॅपटॉपला लावली आणि बारशाचं अख्खं फोल्डर परत उतरवून बघितलं, १,२१४ फाईली, चेकसम (फाईल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) सगळे जुळले. सोल्डरगननी टेकआउटच्या तारखांचं काम दोन संध्याकाळी बसून करून दिलं.

लॅबमधून फोटो जवळजवळ सगळे आले. कॅसेटींच्या ४० पैकी ११ फाईली उघडतात, बाकीच्या अर्ध्यावर थांबतात. त्या परत घ्यायला बसले तर डेकचा बेल्ट सैल झालाय, सूर खाली-वर होतो, बाबा लगेच म्हणाले काळी एकची पट्टी उतरलीय. बेल्ट कुठे मिळेल पुण्यात?

मुठाकाठ
रविवार, सकाळी ११.१०

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टची दुकानं आहेत, जुना बेल्ट काढून नमुन्याला सोबत न्या, गोलाई आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजे. चौकोनी कापाचा असेल तर चौकोनीच घ्या. हेड आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि बुरशीवाल्या कॅसेटी सगळ्यात शेवटी, नाकाला मास्क लावून, प्रत्येकीनंतर हेड परत पुसून. नाहीतर एकीची बुरशी दुसरीला लागते.

रानजाई
बुधवार, रात्री १०.५०

मिळाला काका, तिसऱ्या दुकानात. बाबांनी पेटी काढून शेजारी ठेवलीय, प्रत्येक कॅसेट सुरू झाली की पट्टी जुळते का ते बघतात आणि मग मला रेकॉर्ड दाबायला सांगतात. गाव आणि साल त्यांना आठवतंय, ते सांगतात तसं फाईलच्या नावात घालते. आज सहा झाल्या.